ज्याला थांबणं सोपं

पावणेचार मीटर. गावातून गावाकडे जाणाऱ्या बहुतेक डांबरी रस्त्यांची रुंदी एवढीच असते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनं एकपदरी रस्त्यासाठी ३.७५ मीटरचंच माप धरलं आणि वर्दळ फारच कमी असेल तिथे ३ मीटरचं. एसटीची बस साधारण अडीच मीटर रुंद, साधी मोटार पावणेदोन. बेरीज केली की लक्षात येतं, दोन बस तर सोडाच, एक बस आणि एक मोटारसुद्धा या डांबरावर समोरासमोर आल्या तर एकमेकींशेजारून निघू शकत नाहीत. कुणाला तरी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात किंवा पुलाच्या अलीकडे, शेताच्या वाटेच्या तोंडाशी थांबून राहावं लागतं. रस्ता आखणाऱ्या इंजिनिअरनं हे गृहीतच धरलेलं असतं. समोरासमोर आलेली दोन अनोळखी माणसं काही क्षणांत, एक शब्दही न बोलता, कोण थांबेल ते ठरवतील, या भरवशावर त्यानं खडी आणि डांबर वाचवलेलं असतं. त्या अर्थानं अशा रस्त्याचा निम्मा भागच सरकारनं बांधलेला असतो. उरलेला निम्मा माणसांनी रोज आपल्या वागण्यातून बांधायचा असतो, आणि तो बांधला गेला नाही तर पहिला निम्माही निकामी होतो.

रस्त्यावरच्या सौजन्याबद्दल आपण बोलतो ते एखाद्या दागिन्याबद्दल बोलावं तसं. असलं तर शोभा, नसलं तरी चालतं. शाळेत त्यावर निबंध लिहायचा, एसटी स्थानकावर फलक लावायचा आणि कामाला लागायचं. मला हे मुळातून चुकीचं वाटतं. आपल्या रस्त्यांवर टिकून राहिलेल्या चालीरीती नीट तपासल्या तर त्यांच्या पोटात एक नेमका हिशेब सापडतो: दोघांपैकी ज्याला थांबणं सोपं आहे, त्यानं थांबायचं. मनाचा मोठेपणा नंतर येतो, आधी हा हिशेब येतो. तो इतका वाजवी आहे की कायद्यानंही तो उचलला.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना घाटात दिसतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी असो, भोरहून महाडकडे उतरणारा वरंध असो, अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, हे जुने ड्रायव्हर सांगतात. १९८९ च्या रस्ता-नियमांत हे कलमच होतं: डोंगरी आणि तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन गाड्या सुखरूप जाऊ शकत नसतील तर उतरणाऱ्यानं कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. कारण यंत्राचं आहे. माल भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढत असतो. त्याला थांबवलं तर पुन्हा उचलताना क्लच जळतो, गाडी मागे सरकते आणि मागच्या गाडीला धोका होतो. उतरणाऱ्याला मात्र ब्रेकवरून पाय काढला की पुन्हा निघता येतं. कुणी म्हणेल, उतारावर भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापतात, त्याला थांबणं कुठे सोपं? त्याचं उत्तर घाटातल्या जुन्या शिकवणीतच आहे. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. जो तसा उतरतो त्याला थांबणं जड जात नाही. जो न्यूट्रलवर गाडी सोडून डिझेल वाचवतो, त्यानं थांबण्याची आपली सोय स्वतःच घालवलेली असते आणि तिची किंमत तो समोरच्याकडून वसूल करतो.

मोटारी येण्याआधीही हाच न्याय होता. बैलगाडीच्या वाटेला चाकोरी म्हणत. वर्षानुवर्षं चाकं जाऊन पडलेल्या त्या दोन खोल खाचांतून भरलेली गाडी बाहेर काढणं म्हणजे बैलांचे खांदे सोलून काढणं. म्हणून रिकाम्या गाडीनं चाकोरी सोडायची. डोक्यावर वैरणीचा भारा किंवा पाण्याची घागर घेऊन येणाऱ्या बाईला मोकळ्या हातानं चालणाऱ्यानं पायवाट द्यायची, आणि तिनं ‘जरा हात लावा की’ म्हटलं तर भारा डोक्यावर चढवायला हात लावायचा. या ‘हात लावण्या’त उपकाराची भाषा नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याचे हात मोकळे त्याचे ते लागायचेच, असं त्यात धरून चाललेलं आहे. अनोळखी वाटसरूलाही गावाकडे ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ असंच विचारलं जातं. हा शब्द संस्कृतातल्या ‘प्राघुण’पासून आला. ओळख नसलेल्या माणसाला हाक मारताना पहिलाच शब्द पाहुण्याचा निघतो. त्यानंतर त्याला धक्का देऊन पुढे जाणं तोंडाला आणि हाताला दोघांनाही अवघड जातं.

आता रात्र घ्या. समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, म्हणजे दिव्याचा झोत खाली घ्यायचा. हे बोटाच्या एका हालचालीचं काम आहे. ते न करण्याची किंमत मात्र साधा गुणाकार करून काढता येते. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी दुचाकी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. प्रखर झोत डोळ्यांवर पडून तीन सेकंद काही दिसलं नाही, तर तो माणूस पन्नास मीटर आंधळा गेला. त्या पन्नास मीटरांत खड्डा असतो, कडेनं चालणारा शेतकरी असतो, काळ्या पाठीची म्हैस असते. ज्याच्या गाडीचा दिवा जास्त प्रखर, त्याला स्वतःला यातलं काहीच सोसावं लागत नाही. बाजारातून पांढरे दिवे आणून बंपरवर बसवणारा बहुधा आपला रस्ता उजळण्याचाच विचार करत असतो. समोरच्याचा रस्ता आपण विझवतो आहोत, हे त्याला आत बसून कळत नाही. म्हणूनच दिवा खाली घेणं सवयीनं, विचार न करता व्हायला हवं.

सवय मात्र उलटी पडत चालली आहे. एकपदरी रस्त्यावर आज चाकं कोण उतरवतो? दुचाकीवाला. त्याच्या मागे बहुधा बायको असते, मांडीवर मूल, हँडलला पिशव्या. दोनच चाकांवर तोल सांभाळणाऱ्या या माणसाला ढासळलेल्या साइडपट्टीवर उतरणं सगळ्यांत अवघड, आणि तोच सगळ्यांत आधी उतरतो, कारण समोरची जीप हळू होणार नाही हे त्याला ठाऊक असतं. घाटातला नियम इथे डोक्यावर उभा राहतो आणि वाट लोखंडाच्या वजनावर ठरते. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागात गेली, आणि दर शंभरांतली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची आणि एकोणीसहून अधिक पायी चालणारी होती. या मृत्यूंचं मोठं कारण वेग आहे, सरकारी आकडेच ते सांगतात. पण वेग एकट्यानं मारत नाही. ‘समोरचा बाजूला होईल’ या गृहीतकावर बसून तो मारतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळं कायद्याचं काम आहे. दंड वाढवा, कॅमेरे लावा, माणसं सरळ होतील. कायद्याचं मोल मी कमी मानत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. विनाकारण हॉर्न वाजवण्यालाही वेगळा दंड आला. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये मालगाड्यांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसायला लावलं, तेही योग्यच झालं. मागच्यानं कर्णा वाजवावा असं आमंत्रण पुढच्यानं पाठीवर लिहून ठेवावं ही रीत मोडायलाच हवी होती. पण समृद्धी महामार्गावर जे शक्य आहे ते वाडीच्या रस्त्यावर नाही. समृद्धी ७०१ किलोमीटर आहे, तिथे येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, समोरून कुणी येत नाही, आडवं कुणी जात नाही. तिथे सौजन्याचं बरंचसं काम काँक्रीटनंच उचललेलं आहे. वाडीच्या रस्त्यावर ना दुभाजक, ना पोलीस, ना कॅमेरा, आणि सबंध राज्याच्या रस्त्यांत अशाच रस्त्यांची लांबी मोठी. शिवाय पावणेचार मीटरवर समोरासमोर आलेल्या दोघांत कुणी कुठे थांबावं हे कोणताही कायदा आधी लिहून ठेवू शकत नाही. पूल किती पुढे आहे, साइडपट्टी कुठे खचली आहे, मागे किती गाड्या आहेत, हे त्या दोघांनाच दिसत असतं. कायदा तत्त्व देतो, निवाडा त्या दोन ड्रायव्हरांनाच करावा लागतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. घाईच्या जमान्यात थांबत बसलं तर पोचायचं कधी? हा हिशेब घाटातली कोंडी पाहिलेल्या कुणालाही मांडता येईल. गाड्यांची रांग लागलेली असताना एक जण उजवीकडून पुढे काढतो, त्याच्या मागे दहा जण, आणि समोरून येणारी गाडी त्यांच्या तोंडाशी येऊन उभी राहते. आता पुढे जाता येत नाही आणि मागे यायला जागा उरलेली नाही. एकानं वाचवायला पाहिलेली पाच मिनिटं शेकडो लोकांचे तास खातात, त्यांत त्याचे स्वतःचेही. अरुंद पुलाअलीकडे मिनिटभर थांबणारा माणूस वेळ गमावत नाही. तो कोंडी होऊ देत नाही, पण न झालेली कोंडी कुणाला दिसत नसल्यानं तिचं श्रेय त्याला कधी मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. चुकीच्या वेळी दाखवलेलं सौजन्य जीव घेतं, आणि ते खरं आहे. पुढचा ट्रकवाला डावा इंडिकेटर दाखवून ‘जा’ म्हणतो, उजवा दाखवून ‘थांब’ म्हणतो; पण उजव्या इंडिकेटरचा मूळ अर्थ ‘मी उजवीकडे वळतोय’ असा आहे, आणि कुणी त्यालाच ‘निघा’ समजून शेजारून घुसला तर पुढचं सांगायला नको. वरच्या दिव्याची उघडझाप आपल्याकडे ‘मी येतोय, तू थांब’ अशी वाचली जाते. इंग्लंडमध्ये राहणारे मराठी लोक तीच खूण ‘तुम्ही जा’ अशी वाचायला शिकतात, आणि तिथली वाहनचालकांची अधिकृत संहिता दोन्ही अर्थ नाकारून एवढंच सांगते की दिवा फक्त आपण आहोत हे कळवण्यापुरता. कुणी भल्या मनानं गाडी थांबवून शाळकरी पोराला हातानं ‘ये’ म्हणतो, आणि शेजारून दुसरी गाडी भरधाव निघून जाते. या सगळ्या उदाहरणांत एकच चूक आहे. ती माणसं जे आपल्या हातात नाही ते देत होती. मी माझी गाडी थांबवू शकतो, माझा दिवा खाली करू शकतो, माझी जागा सोडू शकतो. पलीकडचा रस्ता मोकळा आहे हे वचन माझं नाही, ते मी देऊ नये.

आणि एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर लिहिण्याचा हक्कच पोचत नाही. जुन्या गावातली शिस्त, अदब, वाट देणं, यांचे गोडवे कुणी गायचे? त्या वाटेवर कुणाला चालू दिलं जात नव्हतं? १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहानग्या भीमराव आंबेडकरांना आणि त्यांच्याबरोबरच्या मुलांना, जात कळल्यावर, गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक तयार झाला, तोही अशा अटीवर की मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो शेजारून चालणार. वाटेत जकात नाक्यावर पाणी मिळालं नाही. १९२९ मध्ये सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून ते चाळीसगावला गेले, तेव्हाही तिथल्या टांगेवाल्यांनी त्यांना घेऊन जायचं नाकारलं. हाकण्याचा सराव नसलेल्या माणसाच्या हाती टांगा द्यावा लागला, आणि पुलावर ते फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. ‘जोहार’ घालणं, अंग चोरून कडेला उभं राहणं, हेही त्या काळी ‘रीतभात’ या नावाखालीच शिकवलं जात होतं. म्हणून रीतभातीचा जप करणाऱ्यानं आधी सांगायला हवं, कोणती रीत.

मला वाटतं, वरचा हिशेब इथेच कसोटीला लागतो आणि इथेच खरा ठरतो. जातीच्या रस्त्यावर वाट कोण सोडत होता? ज्याला थांबणं सगळ्यात महाग पडत होतं तो. तहानलेली, परक्या मुलखातली मुलं थांबत होती आणि ज्याच्याकडे पाण्याचा रांजण होता तो थांबत नव्हता. घाटाचा न्याय उलटा फिरवला की जे उरतं त्याला सौजन्य म्हणता येत नाही, ती अदबीचा अंगरखा घातलेली जबरदस्ती असते. ‘जय भीम’ या अभिवादनाचं मोल मला यातच दिसतं. दोघंही एकच शब्द उच्चारतात. म्हणणारा आणि ऐकणारा यांच्यासाठी वेगळे शब्द नाहीत. जोहाराला प्रतिजोहार मिळत नव्हता.

समानतेची ही चाल रस्त्यावरच पाहायची तर आषाढात पुण्याहून सासवडच्या वाटेनं पाहावी. दिवे घाट चढताना ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेला क्रम आजही पाळला जातो: रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीची जागा ठरलेली. लाखो माणसं एका रस्त्यावर, तीही पायी, वयस्कर, पावसात भिजलेली. आणि तरी तिथे पुढे घुसण्याची स्पर्धा नसते. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळा तळ शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजत राहतात; मग चोपदार तिथे जाऊन विचारपूस करतो. गर्दीला गप्प करण्याची आणि गर्दीतल्या दुबळ्याला बोलू देण्याची अशी एकत्र सोय मला दुसरीकडे माहीत नाही. अनोळखी माणसाला हाक ‘माऊली’ अशी, आणि पाया पडायचं ते दोघांनी एकमेकांच्या. कुणी म्हणेल, वारीत जातिभेद पुरते मिटले असं थोडंच आहे? नाही, मिटलेले नाहीत. पण गावात तोंडओळख असते म्हणून माणसं नीट वागतात आणि परक्याशी तसं वागणं अशक्य आहे, या समजाला वारी दर वर्षी खोटं पाडते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या पालखी महामार्गांवर दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी धरली आहे. पायी चालणाऱ्याचा मान रस्त्याच्या मापात उतरवण्याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे, आणि ते वर्षाचे बाकी अकरा महिनेही शाळेच्या पोरांच्या आणि मजुरांच्या कामी यावं.

दूरच्या मुलखातही विचार याच दिशेनं चालला आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ पासून वाहनचालकांच्या संहितेत नवं तत्त्व आलं: ज्याच्या वाहनानं इतरांना सर्वाधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी सर्वाधिक. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आपल्यासारखेच एकपदरी रस्ते आहेत. तिथे ठरावीक अंतरावर एकमेकांना वाट देण्याच्या जागा आखलेल्या असतात आणि जमेल तेव्हा चढणाऱ्याला वाट द्यावी असंच तिथलीही संहिता सांगते. फरक एवढाच की तिथे थांबणाऱ्याला थांबायला जागा करून दिलेली आहे.

आपल्याकडे नेमकी हीच जागा नाही, आणि इथे दोष ड्रायव्हरचा नाही. ग्रामसडकेच्या नकाशात डांबर पावणेचार मीटर, पण रस्त्याची एकूण रुंदी साधारण साडेसात मीटर धरलेली असते. उरलेली रुंदी साइडपट्टीची. प्रत्यक्षात डांबराचे थर चढत जातात, मुरूम कुणी टाकत नाही, आणि कडेला टायर कापेल असा वीतभर उंचीचा कंगोरा तयार होतो. पावसाळ्यानंतर तिथे चर पडतात, बाभळीच्या फांद्या आत येतात. अशा कडेवर मोटारवाल्यानं चाक उतरवलं नाही तर त्याला निव्वळ उद्धट म्हणणं अन्यायाचं होईल. मुरुमाचा एक थर आणि झुडपांची एक छाटणी यांनी जेवढं सौजन्य गावोगाव निर्माण होईल तेवढं शंभर फलकांनी होणार नाही. हे काम ग्रामसभेतून मागता येतं आणि मागायला हवं.

सौजन्याची सर्वांत अवघड परीक्षा अपघाताच्या जागी होते. जखमी माणसाजवळ थांबायला लोक घाबरत, कारण पोलीस ठाणं आणि कोर्टाच्या फेऱ्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आलं. आता मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. तरीही पहिल्या तासात तिथे हजर असतो तो वाटसरूच, आणि धडपणे उभा असलेला तो एकटाच असल्यामुळे थांबणं त्यालाच शक्य असतं.

दुबळ्यालाही हा हिशेब सोडत नाही, हे सांगायला हवं. ट्रक बंद पडला की चाकांमागे दगड लावतात आणि गाडी निघून गेली तरी दगड रस्त्यातच राहतात. ते उचलायला अर्धं मिनिट लागतं आणि मागून येणाऱ्या दुचाकीला ते अंधारात दिसत नाहीत. भर रस्त्यावर तूर किंवा सोयाबीन पसरणारा शेतकरी गरीब असेल, पण त्यावरून घसरणारा दुचाकीवालाही बहुधा त्याच्याच गावचा असतो. रात्री उसाच्या ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावणं हे तिच्या मालकाला सोपं आहे; ती ट्रॉली अंधारात ओळखणं मागच्याला जवळपास अशक्य आहे.

उसाचा हंगाम सुरू होईल तेव्हा बीड, अहिल्यानगरकडून पश्चिम महाराष्ट्राकडे ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघालेल्या असतील. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पाचटाच्या कोपीसाठी बांबू, शेळी, वासरू, आणि या सगळ्यावर पाय आखडून बसलेली बायकापोरं. हंगाम संपेतो मार्च-एप्रिल होईल. तोवर संध्याकाळनंतर कारखान्याच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे बैलगाड्यांची रांग असेल. चढावर बैलांच्या तोंडाला फेस आलेला असेल. मागून येणाऱ्या गाडीला पुढे जायची संधी फाट्यापाशी मिळेल. तिथवर दिवा खाली, हॉर्न बंद, आणि गाडी त्यांच्या चालीनं.